व्हिजिटिंग कार्ड : शाई, कागद आणि अनुस्वार

व्हिजिटिंग कार्ड छापायला गेलेल्या माणसाला दुकानात ठरलेले तीन प्रश्न विचारले जातात. "मॅट की ग्लॉसी?", "एका बाजूने की दोन्ही?" आणि "हजार करू ना?" कार्ड कोणत्या पद्धतीने छापायचं, हे कुणी विचारत नाही. ते दुकानदाराने आधीच ठरवलेलं असतं : चार रंगांचं ऑफसेट, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन. बाकी सगळी चर्चा डिझाइनवर. लोगो उजवीकडे की डावीकडे, निळा हवा की आकाशी, वगैरे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. ज्या कार्डावर फोटो नाही, फक्त नाव, काम आणि पत्ता आहे (आणि आपल्यापैकी बहुतेकांचं कार्ड तसंच असतं), त्यासाठी चार रंगांचं ऑफसेट आणि लॅमिनेशन ही चुकीची निवड आहे. मजकूर मराठीत असेल तर जास्तच. असं कार्ड एका रंगात, जाड आणि कोटिंग नसलेल्या कागदावर, स्क्रीन प्रिंटिंगने छापावं. लेटरप्रेस करून देणारा कुणी भेटला तर उत्तमच. चमचमाटावर जाणारे पैसे कागदाला द्यावेत.

आता हे सगळं एका आयटीवाल्याला कशाला सुचलं? तर माझी आतेबहीण पशुवैद्यक आहे. तिने संगमनेरमध्ये स्वतःची प्रॅक्टिस सुरू करायचं ठरवलं आणि कार्डाचं काम माझ्याकडे आलं. ("दादा, तू कॉम्प्युटरवाला ना? मग कार्ड तूच कर." घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटर, प्रिंटर आणि वायफाय हे एकच खातं असतं. :-) ) तिची एकच अट होती, "चांगलं पाहिजे. बघितल्याबरोबर स्वस्तातलं वाटायला नको."

चांगलं म्हणजे काय, हे ठरवायला आमच्या धंद्यातली सवय कामाला आली. आधी रिक्वायरमेंट लिहून काढा. हे कार्ड कोण, कुठे, किती दिवस वापरणार?

संगमनेर-अकोल्याचा हा पट्टा दुधाचा. कार्ड जाणार गोठ्यावर. घेणाऱ्याचा हात ओला असणार, शेणाचाही असू शकतो. तो ते शर्टाच्या खिशात किंवा डेअरीच्या पासबुकात ठेवणार. कार्डाच्या मागच्या बाजूला ती बॉलपेनने रेतनाची तारीख लिहून देणार, त्याखाली गाभण तपासणीला कधी बोलवायचं ते. गाय रेतनापासून साधारण २८० दिवसांनी विते. म्हणजे या कार्डाला नऊ महिने जगायचंय! शिवाय रात्री अडीच वाजता गाय अडली, तर बॅटरीच्या उजेडात, चष्मा न सापडलेल्या माणसाला त्यावरचा नंबर वाचता आला पाहिजे. तो नंबर वाचता आला नाही तर जनावर जातं. तेच कार्ड उद्या दूध संघाच्या अधिकाऱ्याच्या टेबलावरही जाणार, तिथेही ते बरं दिसायला हवं.

ही यादी हातात घेऊन एकेक पद्धत तपासली.

ऑफसेट. मोठ्या कामासाठी ही पद्धत उत्तमच. पण तालुक्याच्या दुकानात दिलेलं कार्ड बहुतेक वेळा तिथे छापलं जात नाही. ते मोठ्या शहरातल्या छपाईवाल्याकडे जातं आणि तिथे अनेकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर बसवून एकदम छापतात. म्हणून तर हजार कार्डं इतकी स्वस्त पडतात. पण त्या शीटवर शाई किती सोडायची हे सगळ्यांसाठी मिळून ठरतं. शेजारच्या कार्डाला भडक लाल पार्श्वभूमी असेल, तर तुमच्या निळ्याचं काय होईल ते तुमच्या हातात नाही. पुढच्या वर्षी तेच कार्ड पुन्हा छापलं तर निळा वेगळा आलेला दिसेल.

त्याहून मोठी अडचण अक्षरांची आहे. गडद निळा किंवा विटकरी असा रंग चार रंगांच्या छपाईत दोन-तीन शाया एकमेकींवर छापून तयार होतो, आणि त्याही बारीक ठिपक्यांच्या रूपात. या शाया केसभर इकडेतिकडे झाल्या (छापखान्यात याला 'रजिस्ट्रेशन आउट' म्हणतात) की मोठ्या फोटोत कळत नाही, पण लहान अक्षराची कड फाटते. मजकूर निव्वळ काळ्यात असेल तर हा त्रास होत नाही, कारण तिथे एकच शाई असते. म्हणून ऑफसेटच करायचं असेल तर मजकूर शंभर टक्के काळा ठेवा. चार रंग मिसळून केलेला 'रिच ब्लॅक' अक्षरांना कधीही नको.

इथे मराठीचा वेगळा विचार करावा लागतो. ७ पॉइंटचं अक्षर म्हणजे सगळी उंची मिळून साधारण अडीच मिलिमीटर. इंग्रजी तेवढ्यात आरामात मावतं. देवनागरीला त्याच अडीच मिलिमीटरमध्ये वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये शिरोरेषा आणि खाली उकार बसवायचा असतो. 'पशुवैद्यकीय' हा शब्द घ्या. शु चा उकार, वै च्या दोन मात्रा, आणि मध्ये तो द्य! द्य मधली पोकळी शाईने भरली की नुसता डाग उरतो. 'संगमनेर'वरचा अनुस्वार उडाला की 'सगमनेर'. इंग्रजी टेम्प्लेटवर मराठी मजकूर त्याच पॉइंटमध्ये ओतणाऱ्या डिझायनरांनी हे एकदा भिंगातून बघावं. मराठी मजकूर निदान दीड-दोन पॉइंट मोठा लागतो, आणि त्यासाठी मजकूर कमी करावा लागतो. दोन पत्ते, तीन नंबर, घोषवाक्य आणि देवाचा फोटो हे सगळं साडेतीन बाय दोन इंचात बसत नाही हो.

लॅमिनेशन. ग्लॉसीवर बॉलपेन घसरतं, मॅटवर उमटलं तरी बोटाने पुसलं जातं. म्हणजे तारीख लिहायची सोय गेली. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर कार्ड वाकतं, कारण एका बाजूचा कागद हवेतला ओलावा घेतो आणि दुसरी बाजू बंद असते. दोन्ही बाजूंनी केलं तरी कापलेल्या कडा उघड्याच राहतात. पाणी तिथून शिरतं आणि काही दिवसांनी कोपऱ्यावर पापुद्रा सुटतो. वेल्वेट, स्पॉट यूव्ही वगैरे प्रकार हातात घेतल्यावर पहिले दहा सेकंद छान वाटतात. आपल्याला नऊ महिने काढायचेत. न फाटणाऱ्या प्लॅस्टिकच्या शीटचा पर्यायही निघाला होता. तो पाण्यात टिकतो, पण पेनाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

डिजिटल. प्लेट नाही, तयारीचा खर्च नाही, पन्नास कार्डंसुद्धा काढता येतात. ज्यांची नोकरी दर दीड वर्षाने बदलते अशा माझ्या मित्रांनी (तुम्हाला माहितीये मी कुणाबद्दल बोलतोय) हजारच्या भानगडीत न पडता शंभर डिजिटल काढावीत. बहुतेक मशीनमध्ये टोनर असतो, म्हणजे उष्णतेने कागदावर चिकटवलेली पूड. खिशात घासून, घडी पडून ती उडू शकते, आणि खरखरीत कागदावर नीट बसतही नाही. आम्ही डिजिटलचा उपयोग एकाच कामासाठी केला. खऱ्या आकारात नमुने काढले आणि गोठ्यावरच्या दोन आज्यांना वाचायला दिले. एकीने नंबर बरोबर वाचला, दुसरीने १ चा ९ केला! देवनागरी १ आणि ९ लहान आकारात खरंच जवळ जातात. त्यानंतर नंबर इंग्रजी आकड्यांत आणि कार्डावरचा सगळ्यात मोठा मजकूर म्हणून टाकला.

उठावाची छपाई. बहिणीला हीच आवडली होती. हाताला लागणारी, चकचकीत फुगीर अक्षरं. लग्नपत्रिकांवर असतात तशी. याला थर्मोग्राफी म्हणतात. ओल्या शाईवर राळेची पूड टाकायची, जास्तीची झटकायची आणि तापवायचं. पूड वितळते, फुगते. मुळात ही कोरीव छपाईची स्वस्तातली नक्कल.

अस्सल कोरीव छपाई बघायची असेल तर खिशातली पाचशेची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. शंभराच्या नोटेवरही हा उठाव लागेल, आताच्या दहा-वीसच्या नोटांवर लागणार नाही. या पद्धतीत धातूच्या प्लेटवर रेषा कोरतात, त्या खाचांत शाई भरतात, वरची शाई पुसून घेतात आणि प्रचंड दाबाने कागद त्या खाचांत दाबतात. कागद स्वतःच उचलला जातो आणि शाई घेऊन येतो. पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेरहून सिन्नरमार्गे पुढे गेलं की नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस लागतो. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. म्हणजे छपाईचा हा सगळ्यात अवघड प्रकार आमच्या गावापासून सत्तरेक किलोमीटरवर चालतो, फक्त आपलं कार्ड ते छापून देणार नाहीत. :-) 

अस्सल आणि नक्कल ओळखायला सोपी खूण आहे. कार्ड उलटं करून बघा. कोरीव छपाईत मागच्या बाजूला दाबाचा हलका खळगा दिसतो. थर्मोग्राफीत मागची बाजू सपाट असते, आणि पुढचं अक्षर प्लॅस्टिकसारखं चमकतं. अक्षर वितळून फुगल्यामुळे कडा गोलावतात. परत 'द्य' गेला! मोठ्या नावापुरतं ठीक, पत्त्याला नको. सोनेरी फॉइलचंही तेच. बारीक जागा भरून जातात आणि बॅटरीच्या उजेडात अक्षराऐवजी चकाकी दिसते.

लेटरप्रेस. उंच अक्षराला शाई लावून ते थेट कागदावर दाबायचं, ही जुनी पद्धत. शाई दाट बसते, कड धारदार येते. मराठी छपाईची नजर याच पद्धतीत तयार झाली. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथले देवनागरी टाइप पुढे देशभर नावाजले गेले, कारण अक्षराच्या पोटातली पोकळी छापल्यावर किती उरेल याचा विचार अक्षर कोरतानाच केलेला असायचा. आज खिळे जुळवायची गरज नाही. कॉम्प्युटरवरच्या फाइलवरून पॉलिमर प्लेट किंवा धातूचा ब्लॉक करून घेता येतो. पण तालुक्याच्या गावात एखादं ट्रेडल मशीन दिसलं तरी ते बहुतेक बिलबुकांवर नंबर टाकायला आणि फाडायची रेघ मारायला वापरतात. बारीक अक्षर नीट छापून देणारा ऑपरेटर भेटला तर त्याला सोडू नका, म्हणेल ते पैसे द्या.

स्क्रीन प्रिंटिंग. आणि शेवटी हे. संगमनेरसारख्या गावात ही कला जिवंत आहे ती लग्नपत्रिकांमुळे. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, त्यावर प्रकाशाने कडक होणारा थर, अक्षरांच्या जागी जाळी उघडी, आणि वरून रबरी पट्टीने शाई ओढायची. एका रंगाला एक चौकट. शाई तयार करतानाच हवा तो रंग मिसळतात, त्यामुळे अक्षरात ठिपके नाहीत की दोन शायांचं भांडण नाही. शाईचा थर ऑफसेटपेक्षा कितीतरी जाड. काळा हा खरोखर काळा दिसतो. वाळल्यावर ही शाई पाण्याने सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे कागद कोणताही चालतो.

मर्यादा आहेतच. अगदी बारीक रेघ जाळीच्या धाग्यांमध्ये अडकते. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नये. फॉन्ट थोडा ठसठशीत आणि मोकळ्या पोटाचा घ्यावा. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट फुकट मिळतो आणि या कामाला चांगला आहे. दुकानदाराला दोन गोष्टी सांगा : जाळी बारीक घ्या, आणि अक्षरांची पॉझिटिव्ह ट्रेसिंगवर न काढता फिल्मवर काढा. ट्रेसिंगवर काळा पुरेसा दाट येत नाही आणि कडा मऊ पडतात. फिल्मचे चार पैसे जास्त द्यावे लागले तर द्या. आणि हो, ऐन लग्नसराईत जाऊ नका. तेव्हा त्या माणसाला जेवायला वेळ नसतो.

आता कागद. जीएसएम म्हणजे वजन, जाडी नव्हे. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड दाबून गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या साध्या, कोटिंग नसलेल्या कागदापेक्षा ते पातळ लागतं. म्हणून आकडा न बघता बोटांनी बघा. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पुण्याकडे, कागदाची जुनी परंपरा आहे. नारायणगाव-आळेफाटा ज्या जुन्नर तालुक्यात येतात, त्या जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता. गिरणीच्या कागदाने तो धंदा बसला. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाचे धागे लांब असतात, त्यामुळे तो घडीवर चटकन तुटत नाही आणि ओला होऊन वाळला तरी बऱ्यापैकी शाबूत राहतो. जाडी थोडी कमीजास्त असते म्हणून ऑफसेट मशीन त्याच्यावर कुरकुरतं. स्क्रीनला काही फरक पडत नाही. आम्ही फिकट बदामी रंगाचा जाड सुती कागद घेतला. पांढरा गोठ्यात दोन दिवस टिकला नसता. तो पाणी पितो, हे खरं. पण पेन घेतो, आणि अक्षर जागेवर राहतं.

कार्डाचं नशीब बऱ्याचदा छपाईआधीच ठरतं, ते फाइलमध्ये. तुम्ही युनिकोडमध्ये नीट मजकूर टाइप करून पाठवता. दुकानातला ऑपरेटर जुन्या कोरल ड्रॉमध्ये जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करत असतो. त्याच्याकडे तुमची जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. मग तो मजकूर स्वतः परत टाइप करतो आणि 'पशुवैद्यकीय'चं 'पशूवैद्यकिय' होतं. यात त्याचा दोष कमी, आपल्या क्षेत्राचा जास्त. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे, तरी छपाईच्या टेबलापर्यंत ती नीट पोचवायला आपण फार वेळ लावला. तोवर उपाय एकच : सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदलून पीडीएफ द्या, एका रंगात, आणि चारही बाजूंनी मजकूर काठापासून निदान ४-५ मिलिमीटर आत ठेवा.

क्यूआर कोड हवा असेल तर साध्या कागदावर, गडद शाईत, निदान दोन सेंटिमीटरचा. त्यात नाव आणि नंबर थेट भरा. कुठल्यातरी कंपनीची फिरवाफिरवीची लिंक टाकली, की ती कंपनी बंद पडल्यावर छापलेलं कार्ड मुकं होतं.

आम्ही पीडीएफ घेऊन स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एकाच रंगात? मल्टिकलर करून देतो की, स्वस्त पडेल." बहीण म्हणाली, "काका, स्वस्त नको, याच कागदावर काळं करा. पण आधी एक काढून दाखवा." त्याने दाखवलं. तिने भिंग न लावता 'द्य' वाचला, मागे बॉलपेनने तारीख लिहिली, कार्ड पाण्यात बुडवलं आणि वाळल्यावर परत वाचलं. मग पाचशेची ऑर्डर दिली. स्क्रीनमध्ये खर्च चौकट तयार करण्यात असतो. ती जपून ठेवायला सांगितली तर पुढची पाचशे स्वस्तात निघतात, आणि हजार छापून नंबर बदलल्यावर सातशे रद्दीत घालायची वेळ येत नाही.

तुम्ही म्हणाल, घरबसल्या वेबसाइटवर ऑर्डर केलं तर निम्म्यात होतं. होतं ना. पण त्यात पहिलं कार्ड हातात घेऊन "अनुस्वार थोडा मोठा करा" म्हणता येत नाही. हा एक बदल करायला समोर माणूस लागतो, आणि असं काम करू शकणारी माणसं गावोगाव अजून आहेत. आपण त्यांना पत्रिका सोडून काही मागितलंच नाही. फोटोग्राफर असाल, मिठाईचं दुकान असेल, तर जरूर चार रंगांत छापा, तिथे रंगच विकायचा असतो. इतरांनी पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर "मॅट की ग्लॉसी"ला उत्तर देण्याआधी एवढंच विचारावं : "साध्या जाड कागदावर, एका रंगात, स्क्रीनने करून द्याल का? आणि आधी एक काढून दाखवाल?"